लळिंगचा उतार

बायको गिअरची सायकल शिकली तेव्हा तिची चाळिशी उलटली होती. हट्ट मुलीचा. दहावीच्या सुट्टीत ती आईला रोज सकाळी कॉलेजच्या मैदानावर न्यायची आणि दोघी गुडघे खरचटून, हसत घरी यायच्या. मी नरडाण्याच्या कारखान्यात; मला मिळायचा फक्त रविवार. तो आम्ही तिघांनी लळिंगच्या जंगलाला देऊन टाकला. धुळ्यातून निघायचं, डोंगराच्या पायथ्याशी डांबर सोडायचं आणि पळसांमधल्या मातीच्या वाटेला लागायचं.

ती वाट नुसती सायकलींची नव्हती. तिथून गुरं जायची, किल्ल्यावर चढणारे जायचे, लाकडं घेऊन बाया उतरायच्या. म्हणून बायकोने नियम घातला होता : पायी माणूस दिसलं की आपण थांबायचं, घंटी वाजवून त्याला बाजूला सारायचं नाही.

"आपण हौसेने येतो, ती कामाला येतात," ती म्हणायची.

त्या रविवारी उतारावर मी पुढे होतो, मागे मुलगी, शेवटी ती. आम्ही दोघं वळण पार केल्यावर एक म्हातारी डोक्यावर मोळी घेऊन झाडीतून वाटेवर आली. ब्रेक लागेना, तेव्हा बायकोने सायकल झुडपात घातली. आवाज ऐकून आम्ही मागे धावलो. ती मुरमात बसली होती आणि म्हातारी मोळी टाकून तिच्या पाठीवरची माती झटकत होती.

"लागलं का गं?" मी विचारलं.

"हँडल बसलं पोटात. होईल बरं."

मुलगी म्हणाली, "पप्पा, परत जाऊ या."

"बंधारा आता जवळच आहे," मी म्हणालो. "तिथे जरा बसू, मग फिरू."

बायको उठली. त्यानंतर घरी पोचेपर्यंत तिने तासभर सायकल चालवली. बंधाऱ्यावर तिने शेव-मुरमुऱ्यांना हात लावला नाही. मी तिचा वाटाही खाल्ला.

संध्याकाळी तिचा डावा खांदा दुखायला लागला. मी बाम चोळून दिला. सोमवारी सकाळी चहा ठेवताना ती ओट्यापाशी कोसळली. पोटात प्लीहा फाटून रक्त साचलं होतं. "खांदा दुखला तो त्यामुळेच. कालच आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. दुपारी ती गेली.

दहाव्याच्या दिवशी ती म्हातारी पत्ता विचारत विचारत घरी आली. आत येईना, पायरीवरच बसली.

"भाऊ, मनीच चूक शे," ती रडत म्हणाली. "डोकावर मोयी व्हती, मी बाजूले सरकनी नही."

घर पाहुण्यांनी भरलं होतं. सासूबाई तिला म्हणाल्या, "बघून चालायला काय झालं होतं तुला?" सगळे माझ्याकडे बघत होते. एक वाक्य बोलायचं होतं मला. मी फरशीकडे बघत राहिलो. म्हातारीने हात जोडले आणि ती गेली.

त्यानंतर आठ दिवस मुलगी माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी चपला घालून म्हणाली, "चला."

बसने लळिंगला गेलो. गावात विचारल्यावर म्हातारीचं घर सापडलं. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. आम्हाला बघून ती घाबरून उठली. मुलीने तिला धरून खाली बसवलं, स्वतः समोर बसली.

"आजी, तुमच्यामुळे नाही झालं ते. तुम्ही तर मोळी टाकून तिच्याकडे धावलात. आम्ही तिला लगेच दवाखान्यात नेलं नाही."

आम्ही म्हणाली ती. परत जाऊ या असं त्या दिवशी म्हणणारी ती एकटी होती, आणि तरी माझ्या दोषातला निम्मा उचलून तिने स्वतःच्या डोक्यावर घेतला.

"आम्ही नाही," मी म्हणालो. "मी. ती तिथून परत जाऊ म्हणत होती. मीच पुढे नेलं."

 म्हातारीने मुलीचं डोकं आपल्या मांडीवर ओढून घेतलं. इतक्या दिवसांत न रडलेली माझी पोर तिथे हमसून हमसून रडली. मी अंगणात उभा होतो. मला कुणी बस म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

येताना बसमध्ये मुलगी माझ्या शेजारी बसली. धुळं येईपर्यंत मी रडत होतो आणि ती खिडकीबाहेर बघत होती.