रोसमेलचा तोंडी सौदा

सान पेद्रोच्या उत्तरेला, ऊसतोड्यांच्या वस्तीमागं एलादिओ मेर्सेदेसचं बेसबॉलचं मैदान होतं. मैदान कसलं, मोडलेल्या उसाचा फड. चेंडू कुठल्या ढेकळावरनं कुठं उसळंल याचा नेम नाही. इथं ज्याच्या हाती चेंडू लागला त्याला अमेरिकेतलं मैदान गालिच्यागत वाटंल, असं तो शिकायला आलेल्या पोरांना सांगायचा. पोरं त्याला मास्तर म्हणायची.

स्वतः एलादिओ सोळाव्या वर्षी असा चेंडू फेकायचा की बघणारा उठून उभा राहायचा. अमेरिकेतले क्लबवाले करार घेऊन दारात आले, तर बाप म्हणाला, थांब, दुसरा जास्त देईल. सात महिन्यांत कोपर गेलं आणि पुन्हा कुणी दार वाजवलं नाही. तेव्हापासनं त्याच्या डोक्यात एकच बसलं होतं, की पोरगं चांगलं निघालं की लवकर बांधून टाकायचं.

रोसमेल चांगला निघाला. त्याची आई नेरेइदा रस्त्याकडंला मासे तळून विकायची.

सोळा पुरी झाल्याबिगर करारावर सही घेता येत नाही, हा कायदा. पण क्लबवाले तेराव्या वर्षीच पोरगं हेरतात, हातावर हात मारतात, आणि सोळाव्या वर्षी सात हंगामांसाठी बांधून घेतात. मधल्या काळात, साखरपुडा झालेल्या पोरीगत, त्याला दुसऱ्यापुढं उभं करायचं नसतं. रोसमेलच्या तेराव्या वर्षी सिप्रियान नावाच्या क्लबवाल्यानं हातावर हात मारला आणि एलादिओनं तो रिवाज जिवापाड पाळला. दुसरं कुणी मैदानावर आलं की तो रोसमेलला घरी पिटाळायचा. दुसऱ्या क्लबसाठी पोरं हेरणारा एक म्हातारा पारखी दोनदा येऊन म्हणाला, नुसता एक चेंडू फेकू द्या. एलादिओनं सांगितलं, तो दिला गेलाय.

"कागद हाय?" म्हातारा हसला.

"माणूस हाय," एलादिओ म्हणाला.

सकाळच्या सरावापायी रोसमेलची शाळा सातवीत सुटली. नेरेइदा कुरकुरली, पण मास्तरांच्या शब्दापुढं गप बसली.

पंधरा सरता सरता रोसमेलची उंची थांबली. खांदे भरले नाहीत. सही दीड महिन्यावर आली असताना सिप्रियान आला, बाकावर टेकला आणि बुटाची माती काढत बसला. यंदाचा पैसा क्लबनं दुसऱ्या एका दांडग्या पोराला दिला होता. "माझ्या हातात काय न्हाई, मास्तर," एवढंच बोलून तो उठला.

आठवडाभर एलादिओनं सगळ्यांना फोन लावले. सगळ्यांचं उत्तर एकच होतं. यंदाची पोरं त्यांनी तीन वर्षांमागंच ठरवली होती. म्हाताऱ्यालाही फोन केला. त्यानं टोमणा मारला नाही, आणि एलादिओला तेच जास्त लागलं.

एलादिओ सांगायला गेला, तर नेरेइदानं कढईतला मासा उलथला, ऐकून घेतलं, परत उलथला.

"मला नका सांगू," ती म्हणाली. "शब्द पोराला दिलाता. त्याला सांगा."

रोसमेल मैदानातले दगड वेचत होता. एलादिओनं उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

"मी कमी पडलो का, मास्तर?"

"न्हाई. मी लपवलं तुला."

पोरानं हातातला दगड कडंला टाकला आणि पुढचा उचलला.

शनिवारी शहरात क्लबवाल्यांची निवड होती. सकाळी सातलाच दोघं रांगेत जाऊन उभे राहिले. पुढची-मागची पोरं बारा-तेराची, रोसमेलच्या छातीला लागणारी. एकानं त्याला, दादा, तुमचा भाऊ कुठला, असं विचारलंही. टेबलामागच्या माणसानं जन्मदाखला बघितला, खेळणाऱ्यांना द्यायच्या नंबरच्या बिल्ल्यांच्या ढिगाकडं हात नेला, पुन्हा तारीख वाचली आणि दाखला घडी करून परत दिला. एलादिओ त्याला सांगत राहिला, की या पोराला अजून कुणी बघितलंच नाही हो. माणसानं मागच्याला पुढं बोलावलं.

बसमध्ये रोसमेल खिडकीशी बसला. चेंडू झेलायचा हातमोजा हातात तसाच होता. वस्ती येईस्तोवर त्यानं तो काढला नाही, आणि एलादिओनंही काढ म्हटलं नाही.