गुरचरणावर एक गाय

भाऊकाका गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो गायीचा. कपिला कुठंय? चुलतभाऊ म्हणाला, गोठ्यात आहे. माझी मलाच लाज वाटली. पण काका आणि ती गाय मला कधी वेगळी दिसलीच नव्हती.

भाऊकाका माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमच्या चंदनसार गावातल्या शेतावर इमारती उभ्या राहिल्या, तरी त्यांनी एक गाय ठेवली. तीही भाकड! घरी पेंढा, ढेप सगळं असताना हा माणूस रोज सकाळी दावं धरून, रिक्षांच्या गर्दीतून तिला गावच्या गुरचरणावर न्यायचा. तिथं गवत नावालाच. मी जवळच्या मनवेलपाड्याहून, माझ्या घरून आले की विचारायचे, काका, हा कसला हट्ट? ते हसायचे. तू शिकलेली ना, शोध, म्हणायचे.

शेवटी गुरचरणाच्या जुन्या नोंदीची नक्कल काढायला त्यांच्याबरोबर वसईच्या तहसील कचेरीत गेले आणि तिथंच वाचून दाखवली. मोफत चराईचा हक्क गावच्या गुरांना. माणसाचं नाव कुठंच नाही. मी चकित.

"हक गुरांचा हाय, बाय," काका म्हणाले. "जनावरच नाय रेलं, त हक कोनाचा?"

गुरचरण वापरात नाही, ते दुसऱ्या कामाला द्या, असा अर्ज कुणीतरी केला होता. पाहणीला कचेरीची माणसं कधीही यायची, आणि काका गायीसह हजर असायचे. लिहिणाऱ्याला म्हणायचे, "लिवा, गाय चरते."

आणि आम्ही काय केलं? सुतकाचे तेरा दिवस गाय गोठ्यात बांधली, वर हिरवा चारा विकत आणून घातला. मायेनंच हो... चौदाव्या दिवशी शेजारी सांगत आले, पाहणी होऊन गेली, कागदावर 'जनावर आढळले नाही' असं लिहिलंय. काका गेले तेव्हा रडले नव्हते एवढी मी त्या दिवशी रडले.

लेखी हरकत घेतली, फेरपाहणी मिळाली. त्या सकाळी दावं मी धरलं. वाट मला नीट ठाऊक नव्हती, कपिलाला होती. चौकात थांबून तिनं रिक्षा जाऊ दिल्या, मग मलाच ओढत नेलं.

हिला रोज कोण आणतं, पाहणीला आलेल्या माणसानं विचारलं. 'रोज' ऐकून मी अडखळले. माझी नोकरी, माझं घर...

"काका आणायचे. आता मी," म्हणाले. "लिवा, गाय चरते."

त्यानं लिहिलं. निर्णय अजून यायचाय. दाव्यावर काकांच्या हातानं गुळगुळीत झालेली एक जागा आहे. कामावर जायच्या आधी, रोज, माझी मूठ तिथंच जाते.