मालक आत झोपलेत

सांगलीत अठरा वर्षं मी शाळेच्या मुलांची व्हॅन चालवली, पण ती रिकामी अशी कधी चालवलीच नाही. सुट्टीच्या दिवशीसुद्धा मागे कुणाच्या तरी लग्नाची भांडी असायची. म्हणून काम बंद केल्यावर मी घरी जाहीर केलं, की ऐन थंडीत पाटणच्या वरच्या पठारावर एकटी जाणार आणि गाडीतच झोपणार. आमच्या ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता अट घातली. एक रात्र एकटीने गाडीत काढलीस तर गाडी ठेवू, नाहीतर विकून टाकू. गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. मला इतका राग आला की निघताना शेंगदाण्याच्या चटणीची अख्खी बरणीच उचलली. बसा म्हटलं कोरडी भाकरी खात.

पठारावर पोचले तेव्हा दिवस कलला होता. पिवळं गवत, लांबवर पवनचक्क्या, आणि वारा असा की गाडीचं दार लावायला खांदा द्यावा लागला. एक कौलारू घर सोडलं तर माणसाची खूण नव्हती. मी दोन स्वेटर चढवले, कानाला मफलर गुंडाळला आणि अगदी सुखावले. तेवढ्यात त्या घरातून एक म्हातारी काठी टेकत आली. मी एकटी आहे असं कळलं तर ही मला हाताला धरून घरात निजवणार, हे दिसतच होतं. आपल्याकडे एकट्या बाईला कुणी सुखाने एकटं राहू देतं का? आणि घरात निजले की गाडी गेली. म्हणून तिने विचारायच्या आत मीच ठोकून दिलं, की मालक आत झोपलेत, अंगात जरा कणकण आहे. झोपलेले ते असणारच होते, फक्त सांगलीत.

म्हातारी गेली आणि तासाभरात दोघांपुरतं पिठलं-भाकरी आणि मालकांसाठी सुंठीचा काढा घेऊन आली. काढा मी आत नेऊन पडद्याआड स्वतःच प्यायले आणि घोगऱ्या आवाजात दोनदा खोकले. भाकऱ्याही सगळ्या मीच खाल्ल्या. रात्र दात वाजवत काढली, पण काढली.

सकाळी मी गाडीतून खाली उतरते तोच ती चहा घेऊन हजर. "मालकास्नी उठीव, चा निवंल," म्हणत तिने पदराने काचेवरचं दव पुसलं आणि आत डोकावली. आत उशी आणि चटणीची बरणी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळं कबूल करून मी तिची माफी मागितली.

ती गाडीच्या पायरीवर बसली आणि मालकांचा चहा स्वतःच ओतून घेतला.

"कालच वळखलं मी. गडीमाणूस असं खोकत न्हाई." मग आपल्या घराकडे बघत म्हणाली, "कुणी अनोळखी आलं की मी बी हेच सांगती. मालक आत निजल्यात. आट वर्सं झाली त्यास्नी जाऊन."

मला रडू आलं. पैज जिंकून बसले होते, तरी तिच्या शेजारून उठवेना. शेवटी तिनेच मला उठवून सीटवर बसवलं.

"पुढच्या खेपंला तुज्या मालकाला खरंच घिऊन ये," ती म्हणाली. "सकाळी हाक मारून कुणाला उठवल्याला लय दिस झालं."