न पाहता केलेली सही

चूक माझी होती. ती मी पूर्ण शुद्धीवर असताना, भर दुपारी, कार्यालयातल्या पंख्याखाली बसून केली. लाखांदूर तालुक्यातल्या एका सरकारी कार्यालयात मी लिपिक आहे. पोलिसांना पंचनाम्यासाठी पंच लागतात. सरकारी माणूस पंच मिळाला तर त्यांना बरं वाटतं, कारण तो पुढे कोर्टात उलटत नाही असा समज आहे. धानाच्या रोवणीचे, भर पावसाचे दिवस होते. ओळखीचे हवालदार कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"सर, एक सही मारून द्या ना. पंप चोरीचा मॅटर आहे. चोर बी सापडला, माल बी सापडला."

"मले यावं लागते का तिकडे?"

"कायले चिखलात पाय भरवता? पंप ठाण्यात येऊन पडला आहे. सगळं लिहून आहे यात."

मी सही केली. मजकूर वाचलासुद्धा नाही. त्यात लिहिलं होतं की, गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेल्यावर पुनर्वसनाच्या वस्तीत राहायला आलेल्या एका मासेमाराने माझ्या डोळ्यांदेखत घरामागच्या तणशीच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगातून चोरीचा पंप काढून दिला. मी तो माणूस पाहिला नव्हता, त्याचं घर पाहिलं नव्हतं, ढीग नाही, पंपही नाही. आणि त्याच कागदावर तो माणूस चोर ठरणार होता.

मी इतक्या सहज सही का केली, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. भीती नव्हती, लालूच नव्हती. मला सही करायला आवडतं, एवढंच खरं उत्तर आहे. माझे आजोबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, पण अक्षर त्यांना आलं नाही. त्यांचा अंगठा आयुष्यभर कोणकोणत्या कागदांवर लागला, ते त्यांना कधी कळलं नाही. वडील मोठेपणी पाटीवर सही गिरवायला शिकले आणि मग रेशनच्या दुकानातही पूर्ण नाव लिहीत, मागे रांग लागली तरी. माझी सही लपेटदार आहे, खाली लांब रेघ आणि दोन टिंबं. कोणी ती मागायला आलं की आमच्या तीन पिढ्या माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहतात असं मला वाटायचं. त्या दुपारीही वाटलं.

तो माणूस काही आठवडे तुरुंगात राहिला, मग जामिनावर सुटला. हे मला पुढे कळलं. तेव्हा मी चौकशीही केली नाही.

पुस्तकं घरात आली ती त्यानंतरच्या वर्षी. मुलगी नागपूरला इंग्रजी घेऊन एम.ए. करत होती. सुटीत ती फुटपाथवरून घेतलेल्या जुन्या कादंबऱ्यांची पिशवी घेऊन यायची. सगळ्या इंग्लंडमधल्या पोलीस तपासाच्या, आणि तपास करणारी बाई. धावपळ नाही, गोळीबार जवळजवळ नाही. पन्नाशीला आलेली एक इन्स्पेक्टर, जिचे गुडघे दुखतात, जिचा चहा दर वेळी थंड होतो आणि जिचे साहेब तिचं ऐकत नाहीत. ती दारोदार फिरते, लोकांना तेच तेच विचारते आणि वहीत लिहिते. मला वाटलं होतं, मुलगी अभ्यासाचं काही वाचत असेल. मी विचारलं, "हे परीक्षेत येते का?"

"नाही येत बाबा. म्हणूनच वाचून राहिली."

मग ती आम्हाला रविवारी सकाळी ओसरीत बसून वाचून दाखवू लागली. एक पान इंग्रजीत, मग त्याचं आपल्या बोलीत. तिच्या तोंडी ती गोरी इन्स्पेक्टर चक्क आमच्या भागातली होऊन जायची. "काहून रे, तू त्या दिवशी कुठं होता?" असं ती संशयिताला विचारायची. माझी बायको तांदूळ निवडत ऐकायची. तिची पहिली शंका होती, "ही बाई दिवसभर फिरते, तर तिच्या घरी भात कोण रांधते?" आणि खुनी कोण हे ती निम्म्या पुस्तकातच सांगायची. "जो उगाच चहा पाजून राहिला ना, तोच." बहुतेक वेळा तोच निघायचा. मुलगी चिडायची, "आई, तू चूप बस ना, अजून दोनशे पानं आहेत!"

मी मागे राहू नये म्हणून शब्दकोश घेऊन स्वतः वाचायला लागलो. पहिली कादंबरी वाचायला मला पूर्ण उन्हाळा लागला. शेवटचं पान उलटलं तेव्हा मी उठून अंगणात दोन चकरा मारल्या. आमच्या घरात इंग्रजी हे अर्ज भरायला, नोकरी मिळवायला आलं होतं. नुसत्या मजेसाठी एक अख्खं इंग्रजी पुस्तक वाचणारा मी पहिला पुरुष, आणि मला ते शिकवणारी माझी पोरगी. हा अभिमान मी लपवला नाही. कार्यालयात डब्याच्या वेळी इतकं सांगायचो की एक सहकारी म्हणायचा, "आले लंडन पोलीस! भाजी काय आणली ते सांगा आधी."

अशाच एका रविवारी एक प्रसंग आला. तपासात सापडलेल्या कोटाला पुरावा म्हणून लावलेल्या चिठ्ठीवर एका नव्या शिपायाने सही केलेली असते, पण कोट सापडताना तो तिथे नसतोच. इन्स्पेक्टर त्याला सगळ्यांसमोर रागावत नाही. गाडीत बसवते आणि एवढंच विचारते की, ज्याच्याखाली तुझं नाव आहे, ते तू पाहिलंस का? तो म्हणतो, सगळे असंच करतात. ती म्हणते, मी सगळ्यांना नाही विचारलं.

मी ओसरीतून उठलो.

"काय झालं बाबा?"

"डोळे दुखून राहिले."

पुढची दोन वर्षं मी त्याविषयी कोणाला काही सांगितलं नाही. पुस्तकं वाचत होतो, पण सहीचा प्रसंग आला की पान उलटायचो.

मग समन्स आलं. मी घरी नव्हतो, मुलीने घेतलं. शिक्षण संपवून ती घरी आली होती आणि तालुक्याच्याच एका कॉलेजात तासिकेवर शिकवत होती. संध्याकाळी मी सायकल लावली तेव्हा ती कागद हातात घेऊन पायरीवर बसली होती.

"बाबा, तुम्ही पंच होते? सांगितलं नाही कधी."

"जुनी गोष्ट आहे."

"काय पाहलं होतं तुम्ही?"

"पंप. त्याच्या घरामागं. तणशीत."

ती खुशीत आली. पुस्तकातलं काहीतरी आपल्याच घरात निघालं होतं. "मग सांगा ना! घराचं दार कोणत्या बाजूनं होतं?"

"इकडे... रस्त्याच्या बाजूनं."

"तणस ओली होती का सुकी? रोवणीची तारीख आहे, पाऊस असेल."

"सुकी असेल."

"पावसात सुकी? झाकून होती का? कशानं? पंप कोणी उचलला, एकट्यानं का दोघांनी? त्याची बायको कुठं उभी होती?"

ती खेळत होती. मग तिच्या लक्षात आलं आणि तिचा आवाज बारीक झाला. "बाबा, तुमच्या चपलेले चिखल लागला होता का त्या दिवशी?"

मी म्हणालो, "मी खुर्चीतून उठलोच नव्हतो."

खरं सांगतो, त्या क्षणी मला जितकी लाज वाटली तितकाच तिचा अभिमान वाटला. चार-पाच साध्या प्रश्नांत तिने माझं खोटं उघडं पाडलं होतं, आवाज न चढवता. हवालदारांनी किंवा आणखी कोणी हेच प्रश्न वेळेवर विचारले असते तर तो कागद तयारच झाला नसता. मी स्वतःला विचारले असते तरी पुरे होतं. आजोबांना वाचता येत नव्हतं म्हणून त्यांनी अंगठा दिला. मला वाचता येत होतं, आणि मी तरीही अंगठाच दिला होता, फक्त लपेटदार.

ती एवढंच म्हणाली, "मग आता काय सांगणार?"

तारखेच्या आदल्या दिवशी हवालदार घरी आले. चहा झाला. "सर, उद्या पाच मिनिटांचं काम आहे. सही दाखवतील, 'माझी आहे' म्हणायचं. मजकूर बरोबर आहे का विचारतील, 'बरोबर' म्हणायचं. चार वर्षं झाली, कोणाले आठवते?" ते गेल्यावर बायको कप उचलत म्हणाली, "आज चहा आपणच पाजला. म्हणजे गुन्हेगार आपणच का?" आणि हसलीही नाही.

कोर्टात मी प्रथमच त्या माणसाला पाहिलं. माझ्याच वयाचा, बारीक, इस्त्री केलेला शर्ट. दर तारखेला तो असाच एसटीने येत असणार. मुलगी मागच्या बाकावर बसली होती. सरकारी वकिलांनी सही दाखवली. ती माझीच होती, रेघ आणि दोन टिंबं. मी म्हणालो, "सही माझी आहे."

"यातला मजकूर खरा आहे?"

"मला माहीत नाही. मी वाचला नव्हता. मी तिथे गेलोही नव्हतो."

वकिलांनी मला फितूर जाहीर केलं. फितूर हा शब्द माझ्या नावाला लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पण त्या पिंजऱ्यातून उतरताना, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, माझ्या नावाखाली फक्त खरं लिहिलं गेलं होतं. बाहेर हवालदार पानाच्या टपरीशी उभे होते. "काय सर, कादंबऱ्या वाचता म्हणे तुम्ही?" माझ्याआधी मुलगी बोलली, "हो काका. आणून देऊ का एक? त्यात पोलीस चिखलात जातात." ते हसले, पण नजर खाली गेली.

मला कार्यालयात खुलासा मागितला गेला. मी दिला. तो माणूस निर्दोष सुटला. त्याने चोरी केली होती की नाही, मला आजही माहीत नाही. तेच तर सगळं आहे: मला माहीत नव्हतं.

मला वाटलं, साक्ष दिली, झालं. महिना गेला. एका रविवारी पुस्तक संपलं तेव्हा मुलगी म्हणाली, "एक गोष्ट या पुस्तकांत कधीच नसते, बाबा. फाइल बंद झाली की बाई घरी जाते. ज्याले आधी उगाच धरलं होतं, त्याच्या घरी कोणी जात नाही."

मी एका कागदावर जे घडलं ते लिहिलं, तीनदा वाचलं आणि एसटीने निघालो. थांब्यापासून पुढे चालत गेलो, चिखल होता. घराचं दार रस्त्याच्या बाजूला नव्हतंच, तलावाकडे होतं. तो अंगणात जाळं शिवत बसला होता. बायको उठून उभी राहिली.

"आता कायले आले साहेब?" तो म्हणाला. "अजून सही पायजे का?"

"नाही भाऊ. एक कागद आणला आहे."

"आमाले कागद नोका दाखवू," बायको म्हणाली. "वाचता नाही येत आमाले."

"मी वाचून दाखवतो. चुकलं तर थांबवा मले."

त्याने जाळं बाजूला ठेवलं नाही, पण सुई थांबली. मी उभ्यानेच सगळं वाचलं: पंखा, खुर्ची, हवालदार, न पाहिलेलं घर, न पाहिलेला ढीग. तो मध्ये एकदाच बोलला. "तणस त्या साली आमच्या इथं नवतीच. धान कुठं होते आमच्यापाशी?" मी पेन काढून तेही लिहिलं आणि वाचून दाखवलं. त्याने मान हलवली. मग मी खाली सही केली आणि शेवटची ओळ, जी कागदावर मला लिहिता आली नव्हती, ती त्याच्याकडे पाहून बोललो.

"भाऊ, मी पाहलं नव्हतं, तरी सही केली. तुमची काहीच चूक पाहली नव्हती मी. माहं चुकलं. मले माफ करा."