चहा, बाराखडी आणि शेजारच्या आजी

नॉटिंगहॅमला आलो तेव्हा नवरा सकाळीच ऑफिसला जायचा आणि मी दिवसभर घरात एकटी. बोलायला होत्या त्या फक्त शेजारच्या जपानी बाई. इंग्रज नवऱ्याच्या माघारी त्याही एकट्याच राहायच्या. वयाने माझ्या आजीएवढ्या, म्हणून मी त्यांना आजीच म्हणू लागले. त्या खळखळून हसल्या. "आमच्या भाषेत आजी म्हणजे चव!"

एकदा त्यांच्या किचनमध्ये चहा पिताना मी म्हटलं, "तुमची लिपी शिकवा ना." त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर अक्षरं काढली आणि वाचू लागल्या. आ, इ, उ, ए, ओ. का, कि, कु, के, को.

"अहो, ही तर बाराखडी!" मी ओरडलेच. आमची म्हणून दाखवली, तशा त्या थक्क झाल्या. हा क्रम फार पूर्वी बौद्ध भिक्खूंमुळे संस्कृतमधून आला, असं त्यांनी शाळेत ऐकलं होतं.

मग दर आठवड्याला एकेक ओळ आणि तिच्यातले चार सोपे शब्द शिकू लागले. त्यांच्याकडे 'ल' नाही, 'ळ' तर नाहीच. माझी भेळ त्यांच्या तोंडी 'बेरू' व्हायची. त्या दुपारी अजून आठवतात.

दुसऱ्या हिवाळ्यात त्यांना स्ट्रोक आला. मी हॉस्पिटलमध्ये गेले तर जीभ जड झालेली, उजवा हात लुळा, इंग्रजी पार पुसलेलं. त्यांची मुलगी जपानहून निघाली होती, पण पोचली नव्हती. नर्स म्हणाली, "सकाळपासून काहीतरी मागताहेत. आम्हाला कळतच नाहीये."

मी पर्समधल्या कागदावर आठवेल तसा तक्ता काढला आणि त्यांच्यासमोर धरला. डाव्या हाताचं बोट हळूहळू 'मा'वर आलं. मग 'तो'वर. तिथे त्यांनी नखाने दोन बारीक रेघा ओढल्या. त्या दिल्या की 'तो'चा 'दो' होतो.

"मादो! खिडकी! त्यांना खिडकी हवीये!"

नर्सने पडदा सरकवला, बेड वळवला. बाहेर नुसता कार पार्क होता, त्यावर फिकट ऊन. आजी बघत राहिल्या. मग त्यांनी माझा हात घट्ट धरला, आणि आम्ही दोघीही रडलो.

वसंतात मुलगी त्यांना जपानला घेऊन गेली. आता ती अधूनमधून व्हिडिओ कॉल लावून देते. आजी डाव्या हाताने वेडंवाकडं लिहून कागद कॅमेऱ्यापुढे धरतात, मी मोठ्याने वाचते. चुकले की टेबलावर थाप मारतात आणि पुन्हा वाचायला लावतात.