मागचं बदललं, पुढचं राहिलं

बातमी आली तो मंगळवार अगदी नेहमीसारखा होता. मी कॉलेजातून येऊन चहा टाकला होता. रामटेके सरांचा फोन आला. म्हणाले, "वहिनी, गाडीला काही झालेलं नाही."

एवढ्यावरूनच मला कळलं.

माझ्या नवऱ्याची, विलासची पिकअप तिरोडा रोडला एका टपरीसमोर, कडेला नीट उभी होती. हँडब्रेक ओढलेला. हा स्टेअरिंगवर डोकं टेकून. टपरीवाल्याला वाटलं, साहेब डुलकी काढताहेत.

त्याच दुपारी बशीरभाईंच्या गॅरेजवर नागपूरहून एक जड खोकं आलं होतं. पिकअपच्या पुढच्या ॲक्सलचा गिअर सेट. तो बसवायचा की गाडी आहे तशी विकायची, हे आता मी सांगायचं आहे.

घरी लोक बसायला येऊ लागले. मग एकानं त्या गाडीचा विषय काढला आणि पुढे रोज कुणी ना कुणी एक किस्सा आणून ठेवू लागलं. कपडे आवरून झाले, दुकानाची किल्ली मालकाला देऊन झाली. किस्से मात्र वाढतच आहेत. आता तर कोणता कुणी सांगितला, हेही माझ्या लक्षात राहत नाही.

\* \* \*

विलासचा मोटरपंपांचा धंदा. इटियाडोह धरणाच्या कालव्यापर्यंत त्याची गिऱ्हाइकं. भाताच्या रोवणीच्या दिवसांत चिखलानं भरलेल्या बांध्यांतून गाडी काढायची म्हणून त्यानं चारही चाकांना जोर देणारी जुनी फोर-व्हील पिकअप घेतली आणि हौसेनं तिला मोठाले टायर बसवले.

कामठ्याचे टेंभरे काका म्हणजे त्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. ते दार धरून वर चढायला लागले आणि अर्ध्यात थांबले.

"काऊन गा विलास, गाडीत बसून राहिलो का मचाणावर चढून राहिलो?"

त्या दिवशी तीन पंप टाकून गाडी बांधीत उतरली. उतरली ती उतरलीच! इंजिन ओरडतंय, चाकं जागच्या जागी. शेवटी काकांनी ट्रॅक्टर आणला.

"टायर मोठे झाले, ओढ गेली," विलास म्हणाला.

"टायर मोठे कायले केले?"

"चिखलात जायला."

"गेली ना चिखलात! आता रडून कायले राहिला?"

\* \* \*

ओढ परत आणायची तर ॲक्सलमधले गिअर बदलायचे, असं बशीरभाई म्हणाले. इंजिनाकडून येणारा शाफ्ट किती वेळा फिरला की चाक एकदा फिरतं, तो रेशो. आकडा मोठा, तर ओढ जास्त आणि धाव कमी.

रामटेके सर माझ्याच कॉलेजात गणित शिकवतात. त्यांनी बॉनेटवर खडूनं आकृती काढून काकांना समजावलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे आकडा वाढला का गाडी हळू?"

"हो."

"अन् हा पैसे देऊन हळू करून राहिला?"

"हो."

काका विलासकडे बघून म्हणाले, "मले सांगाचं होतं ना बाप्पा. मी फुकट हळू चालवलो असतो!"

\* \* \*

आधी गाडीत कोणता रेशो आहे, तेच कुणाला ठाऊक नव्हतं. सरांनी मागचं एक चाक जॅकवर घेतलं. चाकाला खडूची खूण, शाफ्टला खडूची खूण. चाक एकदा फिरवलं. शाफ्ट जेमतेम दोनदा फिरला.

"दोन," सर म्हणाले.

"सर, इस गाडी में चार से नीचे आताच नहीं," बशीरभाई.

"मी मोजलंय."

"तो गाडी झूठ बोली."

दोघंही हटेनात. शेवटी विलास म्हणाला, "जाऊ द्या, तीन धरू!"

दुसऱ्या दिवशी सर सकाळीच गॅरेजवर हजर. अंघोळ करताना त्यांना उलगडा झाला होता. "दुसरं चाक जमिनीवर टेकलेलं होतं. दोन्ही उचलायला हवी होती. अर्धा हिशेब त्या चाकानं खाल्ला."

काका त्या चाकाकडे बराच वेळ बघत राहिले.

"उभ्या उभ्या?"

\* \* \*

मग नवा रेशो कोणता, हा घोळ सुरू झाला. रस्त्यासाठी साडेचार बरा, चिखलासाठी सव्वापाच. विलास भेटेल त्याला विचारायचा. एका लग्नात त्यानं नवरदेवाच्या मामाला विचारलं, "साडेचार की सव्वापाच?" मामा म्हणाले, "आम्हाला काही नको, मुलगी मिळाली, पुरे!"

जेवताना मला विचारलं.

"गाडी जास्त वेळ कुठे असते?" मी म्हटलं.

"रस्त्यावर."

"मग रस्त्याचा घे."

"पण अडकते शेतात."

"मग शेताचा घे."

"पण असते रस्त्यावर ना!"

भाजी निवून गेली. मी म्हटलं, "नाणं उडव." त्यानं खरंच उडवलं. साडेचार आला. दुसऱ्या दिवशी जाऊन त्यानं सव्वापाचची ऑर्डर दिली.

\* \* \*

फोर-व्हीलला पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचा रेशो एकच लागतो. मागचा सेट आला, पुढचा काही येईना. रोवणी तोंडावर. विलास म्हणाला, "मागचा तर बसवा."

बशीरभाईंनी बसवला आणि बजावलं, "फ्रंट लगने तक फोर-व्हील मत डालना."

दोन दिवसांनी कामठा रोडवर, कडक उन्हात, कोरड्या डांबरावर विलासनं काकांना दाखवायला म्हणून फोर-व्हीलचा छोटा दांडा ओढलाच. गाडी कण्हली, दोन उड्या मारल्या आणि उभी राहिली.

काका म्हणाले, "पुढचे चाक एक म्हणून राहिले, मागचे दुसरंच. आमच्या घरच्यासारखं!"

चिखलात मात्र तीच गाडी तशीच सुरेख चालली. मला काही समजेना. मी बशीरभाईंना विचारलं.

"कीचड में चक्का फिसल जाता है, भाभी, निभ जाता है. सडक पे कौन फिसलेगा?"

त्यानंतर विलासनं माझ्या जुन्या ओढणीची लाल चिंधी त्या दांड्याला बांधली. चुकून हात जाऊ नये म्हणून.

\* \* \*

अस्थी घेऊन आम्ही वैनगंगेवर गेलो ते त्याच गाडीतून. काका चालवत होते. मी शेजारी, मांडीवर मडकं. सर आणि बशीरभाई मागे, हौद्यात.

नदीजवळ रेतीत गाडी रुतली. काकांनी त्या चिंधीकडे पाहिलं. हात पुढे केला, मागे घेतला.

"सर, रेती म्हणजे चिखल का सडक?"

सर हौद्यातून खाली उतरले. रेती मुठीत घेऊन पाहिली. "सांगता येत नाही," म्हणाले.

बशीरभाई म्हणाले, "भाभी, आप बोलो."

मी चिंधी सोडली आणि दांडा ओढला. गाडी निघाली.

अस्थी मीच सोडल्या. परतताना काकांनी सगळ्यांना बजावलं, "आता कोणी मागं पाह्याचं नाही."

कुणी पाहिलं नाही. रेती संपली, डांबर लागलं, आणि गाडी उड्या मारायला लागली. दांडा तसाच राहिला होता! काकांनी गाडी थांबवून तो ढकलला. निघेना. बशीरभाईंनी हौद्यातून मागच्या खिडकीत हात घालून जोर लावला. जाम.

"गिअर पे टेन्शन चढ गया है. थोडा रिव्हर्स लो, खुद निकलेगा."

"रिव्हर्स?" काका म्हणाले. "म्हणजे मागं पाहा लागन!"

"आईने में देखो."

"आरशातलं चालते का?"

पाठीमागून मोटरसायकली येऊन थांबल्या, हॉर्न वाजायला लागले. काका स्टेअरिंग धरून समोर बघत बसले.

मग हौद्यातून सरांचा आवाज आला. "टेंभरे काका, मी पाहतो. आमच्यात असं काही नसतं."

सर नदीकडे तोंड करून उभे राहिले. "येऊ द्या... येऊ द्या... डावीकडे... येऊ द्या..."

काका नाकासमोर बघत, अजिबात मान न वळवता, गाडी मागे घेत राहिले. आम्ही पुन्हा नदीच्या दिशेनं निघालो. रेतीला मागचं चाक लागलं आणि दांडा खट्‌कन सुटला.

"सुटला का पूर्ण?" काकांनी समोर बघतच विचारलं.

"सुटला," मी म्हटलं.

काही वेळ गाडी तशीच उभी होती. मग काकांच्या खांद्यांना हादरे बसायला लागले. मला वाटलं, रडताहेत. मीही तोंडाला पदर लावला. पाहते तर ते हसत होते. आणि मीही.

बशीरभाईंनी आताच परत विचारलं, "भाभी, फ्रंट लगा दूँ?"

मी अजून काही सांगितलेलं नाही. सेट खोक्यातच आहे.