अब्बांच्या घाटातले डोंगर

आज सकाळी गल्लीत कुणीतरी ट्रक सुरू करून ठेवला होता. सोलापूरच्या थंडीत डिझेलचा वास खिडकीतून आत आला आणि मी थेट आंबा घाटात पोचले.

अब्बा कोकणात ट्रक घेऊन जायचे. घाटात अपघात झाल्याचं कानावर आलं, की अम्मीला घास गिळवायचा नाही. एका हिवाळ्यात ती हट्टानं त्यांच्याबरोबर निघाली, मलाही घेतलं. घाट बघून झाला की ‘ही नोकरी सोडा’ असं ती सांगणार होती, हे मला फार नंतर कळलं.

घाटमाथ्यावर ट्रक लावून आम्ही शेजारची टेकडी चढलो. दवानं भिजलेलं पिवळं गवत पायांना गार लागत होतं. वर पोचलो तर डोंगरांमागं डोंगर. जवळचे हिरवे, पलीकडचे निळे, शेवटचे आभाळात मिसळलेले. सपाट मुलखात वाढलेली मी अम्मीचा पदर धरून बघतच राहिले. दरीच्या कडेनं रस्ता वळणं घेत उतरत होता.

अब्बाही बघत होते. मग म्हणाले, "इतक्यांदा हितनं गेलो, पण डोंगर आजच बघतोय. गाडी चालवताना नजर रस्त्यावरच ठेवावी लागती की."

अम्मीनं ती सगळी वळणं नीट बघून घेतली. "तुमी रस्त्याकडंच बघत जावा," ती म्हणाली. "डोंगर मी बघते."

तेव्हा मला डोंगरांचंच अप्रूप होतं, आता त्या दोघांचं वाटतं. नोकरीचा विषय तिनं काढलाच नाही. घाट उतरताना ती केबिनच्या खिडकीशी बसून त्यांना एकेक डोंगर सांगत होती आणि अब्बा रस्त्यावरची नजर न काढता ऐकत होते.